गालाची उलटी बाजू

सुरतेच्या नवागाममधल्या त्या घरात वरची खोली भाड्याने आहे असं कळलं, म्हणून मी पाहायला गेलो. घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. माझ्या हातात एक पुस्तक होतं, ते मागून घेतलं. मला वाटलं, वाचनाची आवड असेल. त्यांनी पुस्तक पालथं केलं, कणा अंगठ्याने दाबून पाहिला, मधोमध उघडून शिवण निरखली आणि परत दिलं.

"पुस्तक बरं शे," ते म्हणाले, "पन शिवन कच्ची शे. दोन वरीसमा पानं हातमा येतीन."

मग वर बोट दाखवून म्हणाले, खोली पाहून घ्या.

पानं दीड वर्षातच सुटली. तोवर मी त्या घरात रुळलो होतो, आणि सगळी गल्ली त्यांना ज्या नावाने हाक मारी त्याच नावाने मीही हाक मारू लागलो होतो: नाना. पाठीमागे गल्ली त्यांना 'उलटे नाना' म्हणे. ते त्यांना ठाऊक होतं. पाठीमागचं त्यांना सगळंच ठाऊक असे.

नाना यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासायचे. मागावरून उतरलेल्या कापडाच्या लांब तुकड्याला सुरतेत टाका म्हणतात. एका टेबलावर काच बसवलेली, काचेखाली दिवा, आणि त्या उजेडावरून टाका हळूहळू ओढायचा. कुठे आडवा धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, तिथे खडूची खूण करायची. मग ठरायचं, टाका पास, की रिजेक्ट, की मधला, म्हणजे सेकंड. बाकीचे तपासणारे कापड सुलटं सरकवत. नाना उलटं सरकवत. एकदा मी कारण विचारलं.

"सुलटी बाजू ते सारं जग देखस," ते म्हणाले. "चूक मांगल्या अंगले ऱ्हास."

हे त्यांचं टेबलापुरतं राहिलं असतं तर गल्लीने नाव ठेवलं नसतं. पण नाना पोळी पानात पडली की पालथी करून पाहत. लग्नाची पत्रिका आली की आधी मागची कोरी बाजू पाहत. दुकानात शर्ट घेताना दुकानदाराने पुढची इस्त्री दाखवावी आणि नानांनी तो आतून बाहेर काढून शिवण मोजीत बसावं. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला मंडळी गोडादऱ्याला गेली. सगळे पुढच्या खोलीत पोहे खात बसले आणि नाना मात्र घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले. परत येऊन मुलीच्या बापाच्या कानात म्हणाले, "मांगे पोऱ्या मायना बरोबर भांडा घशी ऱ्हायना. पक्कं करी टाका." पक्कं झालं. ती मुलगी सुखी आहे. अजून ती ही गोष्ट सांगते आणि नवरा लाजतो.

मी मराठी माध्यमाच्या एका शाळेत शिकवत होतो. शाळेत प्रमाण मराठी, बाहेर गुजराती-हिंदी आणि जिन्याखाली आलो की अहिराणी, अशा तीन पोशाखांत माझा दिवस जाई. नानांना एकच पोशाख होता. अगदीच अडलं तर ते हिंदी बोलत, तेही अहिराणीच्या चालीवर.

त्या खोलीत मी एकटाच राहायला आलो, त्यालाही कारण होतं. त्याआधी मी माझ्या मोठ्या भावाच्या घरी राहत होतो. भाऊ मागावर काम करायचा. त्याच्याच कष्टावर मी शिकलो, मास्तर झालो. तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. वहिनी मुलांना घेऊन गावी परतली. त्या खोलीत मला एकट्याला राहवेना. नानांना मी एवढंच सांगितलं होतं. त्यांनीही पुढे विचारलं नव्हतं. माणसाच्या बाबतीत मात्र ते उलटी बाजू स्वतःहून पाहत नसत. दाखवेपर्यंत थांबत.

नाना तंबाखू खात. चुन्याची चपटी डबी त्यांच्या खिशात असे आणि डाव्या गालात गोळी. मागांच्या खडखडाटात बारा तास उभं राहायचं तर तोंडाला काहीतरी लागतंच, असं तिथे सगळेच म्हणत.

एके सकाळी जेवताना त्यांना भाजी झोंबली. दुसऱ्या कुणालाही झोंबली असती तर त्याने बायकोला तिखट कमी टाकायला सांगितलं असतं. नानांनी स्टीलचा चमचा घेतला, त्याचा दांडा तोंडात घातला आणि आरशासमोर उभं राहून गाल उलटा केला.

नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "आजलोंग पोया पालथ्या करेत, आते गाल पालथा करस. काही सुलटं ऱ्हावू देशी का नही?"

जिन्याशी येऊन नानांनी मला हाक मारली, "मास्तर, बॅटरी लिसनी या."

मी बॅटरी घेऊन खाली उतरलो. गालाच्या आत एक पांढरट चट्टा होता, बोटाच्या नखाएवढा, आणि त्याच्या कडेला लालसर खडबडीत जखम.

"हाऊ डाग तेलना नही," नाना म्हणाले. चमच्यामुळे शब्द बोबडे येत होते. "हाऊ धोवाई जावाव नही."

मी तसला डाग पूर्वी पाहिला होता, याहून मोठा. मी म्हणालो, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"उद्या काब्र? आज चाला."

आणि त्यांनी खिशातली डबी काढून तिथेच मोरीत रिकामी केली. डबी मात्र टाकली नाही. धुऊन खिडकीत वाळत ठेवली.

गालाचा तुकडा काढून तपासायला गेला. आठवड्याने कागद आला. इंग्रजी होता, म्हणून मी वाचला. नानांनी तो माझ्याकडून घेतला, पालथा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "साहेब, पीछे कुछ नहीं लिखा?"

डॉक्टर सुरतेचेच, गुजराती. त्यांच्या घरात कुणीतरी कापडाच्या धंद्यात असणार. ते हसले. म्हणाले, "पीछे आप को लिखना है, काका."

"तो बोलो. टाका पास, या रिजेक्ट?"

"सेकंड," डॉक्टर म्हणाले. "लेकिन जल्दी लेके आये हो. ऑपरेशन करेंगे, फिर रेडिएशन के तीस शेक. पूरे तीस, बीच में गॅप नहीं. तमाकू आज से बंद. इतना करोगे तो चान्स अच्छा है. आधा करके भाग गये, तो मैं कुछ नहीं बोल सकता."

'भाग गये' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, त्यांना माझं काही माहीतही नव्हतं. तरी मी खाली पाहिलं.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. सुरी लागली की तो रोग पसरतो. अमक्या गावचा बाबा अंगारा देतो. नाना सगळ्यांचं ऐकून घेत. मग विचारत, "बरा व्हयना तो मानूस कोठे ऱ्हास?" बहुतेकांचं तिथेच संपे. एका शेजाऱ्याने मात्र ठाम सांगितलं की कडोदऱ्याला एक जण नुसत्या मुळीवर बरा झालाय, त्याच्या मेहुण्याने डोळ्यांनी पाहिलाय. पुढच्या रविवारी नाना बसने कडोदऱ्याला गेले. विचारत विचारत घर शोधलं. संध्याकाळी परत आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. शेजारी धावत आला.

"भेटना का?"

"देखी उनू," नाना म्हणाले. "भितवर शे, फोटोमा. हार बी शे."

शेजारी उठून गेला. त्यानंतर मुळीचा विषय कुणी काढला नाही.

ऑपरेशन झालं. डावा गाल आत गेला, तोंड थोडं वाकडं झालं. आरसा मागून घेऊन नानांनी स्वतःला पुढून पाहिलं, मग बाजूने पाहिलं, आणि नानींना म्हणाले, "सेकंडना माल शे. पन अंगवर टिकस." नानी रडता रडता हसल्या. पुढे कितीतरी वर्षं ते स्वतःची ओळख तशीच करून देत.

जगण्यासाठी जे जे करायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते नानांनी कारखान्यातल्या पाळीसारखं लावून घेतलं. शेक सुरू होण्याआधी किडलेले दात काढायचे होते, ते काढले. तोंड आवळून बसू नये म्हणून रोज ते उघडण्याचा व्यायाम होता. कुल्फीच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची. गल्लीतले लोक कुल्फी खाऊन काड्या धुऊन त्यांच्या ओट्यावर ठेवून जाऊ लागले. नाना प्रत्येक काडी उलटसुलट करून पाहत आणि फाटकी असली तर परत करत. चुन्याची ती डबी पुन्हा खिशात आली, पण आता तिच्यात खायचा सोडा आणि मीठ. हात सवयीने खिशात जाई, डबी निघे, चिमूट पाण्यात पडे आणि नाना गुळण्या करत. कारखान्यातले जुने सोबती तंबाखूसाठी हात पुढे करत आणि तळहातावर सोडा आला की शिव्या देत.

शेक घ्यायला आम्ही बरोबर जायचो. माझी शाळा दुपारची होती. पहिल्या दिवशी नाना त्या यंत्राच्या खोलीत गेले आणि पाठीमागून बाहेर आले, कारण यंत्र चालवणाऱ्याला गळ घालून त्यांनी यंत्राची मागची बाजू पाहून घेतली होती. "तार सगळा बराबर शेतस," मला सांगितलं. दहाव्या शेकानंतर तोंड आतून सोलून निघालं. चव गेली. नानी पिठाची पातळ पेज दूध घालून करत. ती वाटीभर संपवायला नानांना तासभर लागे, पण वाटी रिकामी झाल्याशिवाय ते उठत नसत. रिकामी झाली की वाटी उलटी करून नानींना दाखवत.

शेकाचे असे तीन आठवडे गेले आणि गावाहून पोस्टकार्ड आलं.

नानांचे वडील आदल्या पावसाळ्यानंतर गावी वारले होते. आता अखाजी जवळ आली होती. खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा वर्षाचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं. आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पुजतात. वर्षभरात गेलेल्या माणसाची ती पहिली घागर. ती थोरल्या मुलानेच भरायची. सुरतेतले मागांचे कारखाने त्या आठवड्यात निम्मे रिकामे होतात. नवागामच्या गल्ल्यांमध्ये दारोदार कुलपं दिसतात.

कार्ड नानांच्या आईने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. मी ते वाचून दाखवलं. "तुना बापनी पहिली घागर शे. तू मोठा पोऱ्या. तू नही उना ते घागर कोन भरी? डाक्टरले सांग, चार दिन सुट्टी दे."

नानांनी कार्ड घेतलं आणि तसंच खिशात ठेवलं.

तीन दिवसांनी नानी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, तीन दिन व्हयनात, त्यास्नी काहीच पालथं करी नही देखं. वाटी हातमा लेतस नि तशीच ठी देतस. माले भ्याव वाटस."

मी खाली गेलो. नाना पिशवी भरत होते.

"चार दिन," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "चार शेक बुडतीन. मांगथीन चार जास्त ली लेसू. डबल पाळी करसू."

मागावर काम करणारा कुणीही हेच म्हणाला असता. पाळी बुडली की डबल करून भरून काढायची, हाच तिथला नियम. माझा भाऊही अगदी हेच म्हणाला होता.

ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यालाही शेक चालू होता. पंधरा-सोळा झाले असतील, गालातली गाठ विरघळली. हाताला लागेना. दुखायचं थांबलं. भाऊ म्हणाला, बरा झालो, अखाजी करून येतो, उरलेले आल्यावर घेईन. आणि मी, घरातला शिकलेला माणूस, पहाटे रांगेत उभा राहून त्याचं तिकीट काढून आणलं. मला वाटलं, त्याचा आनंद आहे, आपण कोण मोडणारे? चार दिवसांचे चाळीस झाले. परत आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. शेवटच्या दिवसांत भाऊ मला म्हणायचा, त्या वर्षी आंबे फार गोड होते रे. त्याला खंत नव्हती. ती माझ्या वाट्याला आली.

हे सगळं मी नानांना सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. मला नीट बोलता येत नव्हतं, वाक्यं अर्धी राहत होती. शेवटी म्हणालो, "तिकीट मी काढेल व्हतं, नाना."

नानांनी पिशवी खाली ठेवली. पण बंद केली नाही. डोळे पिशवीकडेच होते.

मग मला त्यांचं टेबल आठवलं. मी विचारलं, "नाना, टाकाना मधमा चार बोट आडवा धागा पडनाच नही, ते तुम्ही काय करतस?"

"रिजेक्ट."

"नि विननारा म्हनना, शेवटले चार बोट जास्त विनी देस, मंग?"

"येडा शे का तो?" नाना एकदम तापले. "भोक ते मधमाच ऱ्हायनं ना!"

नानी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग नानांनी खिशातून ते कार्ड काढलं आणि पालथं करून पाहिलं. मागे फक्त पत्ता होता, सुरतेचा, त्यांच्याच घराचा.

"मायले आठे लई येता का, मास्तर?" ते म्हणाले.

माझ्या शाळेला सुट्टी लागलीच होती. निघताना नानांनी निरोप दिला, "मायले सांगा, दोन घागरी आन."

"दोन काब्र?"

"वाटमा एखादी फुटी गई ते?"

जाताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं सुरत खानदेशाला निघालं होतं. गावी पोचलो तेव्हा नानांची आई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ. मी सगळं सांगितलं. ती डाळ निवडतच राहिली.

"सूरतमा पितर येतस का रे भाऊ?" तिने विचारलं.

"माय, अर्ध गाव तठेच शे. पितर आठे कोनाकडे येतीन?"

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यानं तोंड दुखस का?"

"दुखस."

"खास का काही?"

"पेज खास. वाटी रिकामी करस नि पालथी करी दखाडस."

तेव्हा मात्र हसली. "धाकला व्हता तईनबी तसाच करे. माले वाटे, माना सैपाकना दोष काढस." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "येस मी. पन घागर आठलीच. पानी सूरतनं चाली, माटी नही."

परतीची गाडी मी आयुष्यात विसरणार नाही. अखाजीच्या दोन दिवस आधी खानदेशातून सुरतेला कोण येणार? समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसं लोंबकळत होती आणि आमच्या डब्यात आम्ही दोघंच. लाकडी बाकावर माय मांडी घालून बसलेली, तिच्या मांडीत एक घागर, माझ्या मांडीत एक. टोपलीत ठेवू म्हटलं तर ऐकेना. "माटीले धक्का लागस," म्हणाली. चार-पाच तास मी ती घागर दोन्ही हातांनी धरून बसलो. ताप्तीवरचा वारा खिडकीतून आला की तिच्या तोंडाशी बारीक आवाज होई. माय मधूनच म्हणे, "नीट धर रे." एवढ्या रिकाम्या गाडीत इतकं जपून मी कधी बसलो नव्हतो.

अखाजीच्या सकाळी नाना आधी शेक घेऊन आले. एकविसावा. हातपाय धुऊन पाटावर बसले. मायने खोलीच्या कोपऱ्यात गहू पसरून दोन्ही घागरी शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं, फुटली नाही म्हणून दुसरीही ठेवली असेल. नानांनी आपल्या वडिलांच्या नावाने पहिली भरली. हळद-कुंकू झालं, वर खरबूज ठेवलं. मग मायने मान वळवून मला विचारलं, "तुना भाऊनं नाव काय व्हतं रे?"

मी नानांकडे पाहिलं. ते कुल्फीच्या काड्या दातांत धरून व्यायाम करत होते, त्यांना बोलता येत नव्हतं. येत असतं तरी ते बोलले नसते. गावी माझे वडील दर वर्षी भावाची घागर भरत, पण चार अखाज्या मी गावाकडे फिरकलो नव्हतो, आणि हे नानांना कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही. सगळ्या वाटेने जी घागर मी मांडीवर धरून आणली होती, ती त्याची होती.

मी नाव सांगितलं आणि तांब्या हातात घेतला.

त्या दिवशी नानांनी आमरसाचा एकच चमचा दुधात कालवून घेतला. "चव नही लागस," म्हणाले. मग मायच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "पन गोड व्हई."

तीस शेक पूर्ण झाले. एकही बुडला नाही. चव परत यायला वर्ष लागलं. ज्या दिवशी भाजी पहिल्यांदा तिखट लागली त्या दिवशी नाना ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला सांगत होते, जणू मुलगा पास झालाय.

दाखवायला जायची तारीख ते कधी चुकवत नसत. आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग सहा. काही होत नसताना काय जायचं, असं कुणी म्हटलं की म्हणत, "डाग दिसावर टाका तपासाना ऱ्हास का? तपासावर डाग दिसस."

आणि मग त्यांनी गल्लीचे गाल उलटे करायला घेतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या टपरीपाशी नाना बॅटरी आणि चमचा घेऊन उभे. तंबाखू-गुटखा खाणारा दिसला की, "ये. गाल उलटा कर." लोक वैतागत. एक तरुण मागवाला म्हणाला, "नाना, मना गालमा काय सोनं शे का?"

"सोनं ऱ्हातं ते तुले सांगतू का?" नाना म्हणाले.

सगळे हसले आणि त्याला तोंड उघडावं लागलं. त्याच्या गालात काही नव्हतं. पण पुढच्या काही वर्षांत तिघांच्या गालात निघालं. एक भांडला, एक रडला, एक गुपचूप निघाला. नानांनी तिघांनाही त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, दवाखान्यात नेलं. अखाजीच्या आधी तर ते त्यांच्या घरी जाऊन पिशव्या तपासत. दोघं अजून आहेत. तिसऱ्याचा डाग उशिरा सापडला होता; तो दोन वर्षं जगला आणि त्याचीही घागर नानांच्या कोपऱ्यात आली. डॉक्टर नव्या माणसाला पाहून विचारू लागले, "नाना ने भेजा?"

मी तंबाखूला कधी शिवलो नाही, तरी माझीही सुटका नव्हती. चमच्याचा थंड दांडा गालाला लागे, बॅटरीचा उजेड पडे आणि नाना म्हणत, "कोरा शे, मास्तर. पाटीसारखा." लग्न झाल्यावर मी दुसरीकडे राहायला गेलो, पण पहिला रविवार चुकवला नाही. ते तपासणं नव्हतं. कुणीतरी आपली आतली बाजू पाहून 'ठीक आहे' म्हणावं, याची मला सवय झाली होती.

नाना मागच्या पौषात गेले. वयाने गेले, झोपेत. गाल शेवटपर्यंत स्वच्छ होता. त्यांच्या आईनंतर कितीतरी वर्षं जगले, नातवंडांच्या पोळ्या पालथ्या करून पाहिल्या. मी त्यांच्यासाठी रडलो ते फार थोडं. एवढं पूर्ण विणलेलं आयुष्य पाहिल्यावर माणसाला रडूही शांतपणे येतं.

परवा त्यांच्या मुलाचा निरोप आला. "सर, बाबांची पहिली घागर आहे. तुम्ही याल ना? घागर कुठून आणू, गावाकडून की इथूनच?" तो सुरतेतच जन्मला, त्याची अहिराणी आता तुटक आहे. मी म्हटलं, इथलीच चालेल, मी आणतो. नानांच्या आईला चाललं नसतं, पण नाना आता इथल्याच मातीत आहेत.

आज सकाळी बाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला घागरींची रास होती. मी एक उचलली, पालथी केली, तळ पाहिला, मग उन्हाकडे धरून आतून पाहिली. दुसरी घेतली. तिसरी. कुंभारीण बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "काका, इतना उलटा-सुलटा क्या देखते हो? सब एक ही मिट्टी का है."

मी तिला म्हटलं, जरा थांब. मला दोन हव्यात.